टीबी चालू असताना आलेला थायरॉइडचा रिपोर्ट

लोकमान्य नगरातल्या एक काकू मागच्या हिवाळ्यात रिपोर्ट नेऊन पंधरा मिनिटांत परत आमच्या काउंटरवर आल्या. रिपोर्ट त्यांच्या भाच्याचा, वय २४. छातीत पाणी झालं होतं, ते काढून तपासलं, टीबी निघाला आणि औषधं सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. थकवा जात नाही म्हणून कुणीतरी सुचवलं, "थायरॉइड पण बघून घ्या." तो केला. टी-थ्री ०.५२, ठळक अक्षरांत, बाजूला तारा. टी-फोर ठीक, टीएसएच १.१, म्हणजे अगदी मधोमध. काकूंचं बोट मात्र ताऱ्यावर. "आता जन्मभराची गोळी का हो ताई? अजून लग्न व्हायचंय त्याचं."

मी डॉक्टर नाही. इंदूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढण्यापासून मशीन चालवण्यापर्यंत सगळं करत मला बावीस वर्षं झाली. काउंटरवर मी एकच वाक्य बोलते, "डॉक्टरांना दाखवा," आणि ते बरोबरच आहे. पण मागे रांग उभी असताना जे सांगता येत नाही ते इथे सांगते. कारण टीबी, एचआयव्ही, कावीळ अशी महिनोन्‌महिने चालणारी दुखणी असलेल्या माणसाचा थायरॉइड रिपोर्ट हा धडधाकट माणसाच्या रिपोर्टसारखा वाचायचा नसतो. आकडा तोच असला तरी अर्थ निराळा निघतो. रक्त कुठल्या तारखेला दिलं आणि त्या दिवशी कुठली औषधं चालू होती, हे कळल्याशिवाय तो तारा काहीच सांगत नाही.

आधी एक किरकोळ तक्रार. "मला थायरॉइड आहे" असं सगळे म्हणतात. थायरॉइड सगळ्यांनाच असतो, नसला तर पंचाईत. गळ्यात कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेला बिलगून बसलेली, फुलपाखराच्या आकाराची, वीसेक ग्रॅमची ही ग्रंथी. तिचं काम शरीराची आच ठरवणं: हृदय किती वेगानं चालायचं, आतडी किती हलायची, अंगात ऊब किती राहायची.

ती हे काम दोन हार्मोनांनी करते, पण दोघांना एका मापात तोलू नका. टी-फोर म्हणजे मळून ठेवलेली कणीक आणि टी-थ्री म्हणजे पोळी. ग्रंथी बाहेर पाठवते ती मुख्यतः कणीकच. तिच्या पोळ्या यकृत, मूत्रपिंड, स्नायू, मेंदू आपापल्या तव्यावर लाटून घेतात. शरीरातला सुमारे ८० टक्के टी-थ्री असा ग्रंथीच्या बाहेर तयार होतो. टी-फोरच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. त्यातला ठरावीक एक काढला की तीनवाला टी-थ्री होतो, आणि काम करतो तो हाच. नावातले आकडे त्या अणूंचेच. टीएसएच या दोघांपैकी नव्हे. ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीनं दिलेली हाक आहे: "कणीक कमी पडतेय, मळा!" म्हणून थायरॉइड खरोखर मंदावला की टीएसएच वाढतो, आणि ग्रंथी उधळली की टीएसएच पार तळाला जातो. साधारण ०.४ ते ४ ही त्याची नेहमीची मर्यादा. लॅबनुसार थोडा फरक असतो.

आता घरात मोठं आजारपण आहे असं समजा. ताप आहे, भूक मेली आहे, वजन उतरतंय, जंतूंशी झटापट चालू आहे. अशा वेळी शरीर काय करतं? आच कमी करतं. जंतूंशी लढणाऱ्या पेशी जी रसायनं सोडतात त्यांच्यामुळे आणि पोटात अन्न कमी जात असल्यामुळेही टी-फोरचा टी-थ्री करणारी यंत्रणा थंडावते. उलट टी-फोरमधला भलताच अणू काढून त्याचा निकामी प्रकार करणारी यंत्रणा जोरात चालते. त्या निकामी प्रकाराला रिव्हर्स टी-थ्री म्हणतात. दिसायला पोळीच, पण तिनं पोट भरत नाही. दोन-तीन दिवस निर्जळी नसला तरी कडक उपवास केला, तर निरोगी माणसाचाही टी-थ्री उतरतो. इथे तर महिन्यांचा उपास घडलेला असतो.

गंमत अशी की एवढं होऊनही टीएसएच ओरडत नाही. मेंदूलाही ठाऊक असतं की हा तुटवडा मुद्दाम केलेला आहे. तोही वरून हाक मंद ठेवतो. त्यामुळे टी-थ्री कमी, टीएसएच नॉर्मल किंवा थोडा कमीच, असं चित्र दिसतं. दुखणं फारच गंभीर असेल, माणूस आयसीयूत असेल, तर पुढे टी-फोरही खाली येतो, आणि ते लक्षण चांगलं नसतं. याला डॉक्टर "सिक युथायरॉइड" म्हणतात. युथायरॉइड म्हणजे थायरॉइड ठीक, माणूस आजारी. आजार ग्रंथीचा नव्हेच.

मग टी-थ्री कमी आहे तर गोळीनं भरून काढावा का? हे डॉक्टरांनी करून पाहिलेलं आहे, आणि गंभीर आजारात अशी थायरॉइडची गोळी दिल्यानं फायदा दिसला नाही, म्हणून ती देत नाहीत. माझ्या मनाला पटतं ते असं: घरी माणूस तापानं पडलेला असताना शरीरानं स्वतः शेगडी मंद केली आहे, आपण जाऊन बटण मोठं करायचं कशाला? अशक्त हृदयाला तर ते महागातही पडू शकतं.

काकूंच्या भाच्याला डॉक्टरांनी गोळी दिली नाही. पण गोष्ट तिथे संपली नाही, कारण काकूंना धीर निघेना. दोन महिन्यांनी, पोरगा जेवायला लागल्यावर, त्यांनी पुन्हा रक्त द्यायला लावलं. या वेळी टी-थ्री ठीक, आणि टीएसएच ७.४. तारा एका ओळीवरून उडून दुसऱ्या ओळीवर बसला! हेही ठरलेलंच. दुखणं ओसरलं की दबून राहिलेली हाक एकदम मोठ्यानं येते आणि टीएसएच काही आठवडे वर राहतो. बरं होतानाच्या या काळात तो २० पर्यंतही जाऊ शकतो. २० च्या पुढे गेला तर मात्र ग्रंथीच मंदावली असण्याची शक्यता धरून डॉक्टर नीट बघतात. म्हणून नियम असा की थायरॉइडची ठोस शंका नसेल तर ऐन आजारात ही तिन्ही आकड्यांची तपासणी करूच नये, आणि केलीच तर तब्येत सावरल्यावर किमान सहा आठवड्यांनी पुन्हा करून मगच ठरवावं. भाच्याचा तिसरा रिपोर्ट मला तोंडपाठ नाही, कारण त्यावर एकही तारा नव्हता.

इतकं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे टीबीत थायरॉइडचा रिपोर्ट बघायचाच नाही? तसं नाही. काही वेळा तो बघावाच लागतो, आणि तेव्हा दोष बहुधा टीबीच्या जंतूचा नसून औषधाचा असतो. (थायरॉइड ग्रंथीतच टीबी होणं ही फार विरळ गोष्ट. गळ्यात गाठ असली आणि सुईनं तपासली तर कधीतरी निघतो.)

साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. वजनाप्रमाणे गोळ्यांची संख्या ठरते आणि गोळ्या सरकारी मिळतात. त्यातलं रिफाम्पिसिन म्हणजे ज्यानं लघवी केशरी होते ते. हे औषध यकृताला कामाला लावतं. यकृत मग इतर औषधं आणि हार्मोनंही भराभर मोडून बाहेर टाकतं, त्यात टी-फोरही आला. ज्याची ग्रंथी धड आहे त्याला फरक पडत नाही: माठाला तडा गेला तरी नळ चालू आहे, पाणी भरत राहतं. पण ज्या बाई दहा वर्षं रोज ७५ मायक्रोग्रॅमची थायरॉइडची गोळी (म्हणजे बाहेरून घेतलेला टी-फोरच) घेतात, त्यांच्याकडे नळ नाही, मोजून ओतलेला एक तांब्या आहे. तडा गेल्यावर तो पुरत नाही. टीबीचं औषध सुरू झाल्यावर सहा-आठ आठवड्यांत त्यांचा टीएसएच चढलेला दिसतो, आणि डॉक्टर डोस वाढवतात. लोक विसरतात तो पुढचा भाग: कोर्स संपला की दोनेक आठवड्यांत यकृताचा तो जोर उतरतो, तडा बुजतो आणि वाढवलेला डोस जास्त होतो. मग धडधड, हात थरथरणं, झोप उडणं. टीबी तर बरा झाला, मग हे काय नवीन? म्हणून कोर्स संपल्यावर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करायचाच. आमच्याकडे पहिली तपासणी करायला सगळे येतात. ही शेवटची करायला फार थोडे.

खरा घोळ होतो तो औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत, ज्याला आपल्याकडे सगळे सरळ एमडीआर म्हणतात. त्यात वापरल्या जाणाऱ्या दोन औषधांचं थायरॉइडशी थेट वाकडं आहे. एक इथिओनामाइड, दुसरं पास, म्हणजे पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल.

पास हे टीबीवरच्या अगदी पहिल्या औषधांपैकी. १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये यॉर्गन लेमान यांनी ते पुढे आणलं. १९५६ साली मद्रासला जो मोठा प्रयोग सुरू झाला, ज्यातून टीबीचा पेशंट सॅनेटोरियममध्ये न जाता घरी राहूनही बरा होतो हे जगाला कळलं, त्यात आयसोनियाझिड या टीबीच्याच दुसऱ्या औषधाच्या जोडीला पासच होतं. तेव्हापासून डॉक्टरांना ठाऊक आहे की पास दीर्घकाळ घेणाऱ्या काहींचा गळा सुजतो, गलगंड दिसतो. कारण हे औषध ग्रंथीत आयोडीन बांधलं जाण्याच्या आड येतं. आयोडीन बांधलं गेलं नाही तर टी-फोर नाही. टी-फोर नाही म्हणून टीएसएचच्या हाकांवर हाका. हाका ऐकून ग्रंथी फुगते, पण माल काही बाहेर पडत नाही. इथिओनामाइडची तर रासायनिक ठेवणच थायरॉइड उधळल्यावर तो दाबायला जी औषधं देतात त्यांच्या भाऊबंदातली. म्हणजे टीबी मारायला दिलेलं औषध नकळत थायरॉइडही दाबतं. दोन्ही एकत्र असली की धोका आणखी वाढतो.

करोनाच्या आधीची गोष्ट. राजेंद्र नगरच्या एक ताई, चाळिशीतल्या, शाळेत शिकवणाऱ्या. एमडीआरचा दीड वर्षाहून जास्त चालणारा जुन्या पद्धतीचा कोर्स चालू. पाचव्या महिन्यात वजन चार किलो वाढलं. टीबीच्या घरात वजन वाढण्यासारखा आनंद नाही! सासूबाई म्हणाल्या, अंग धरलं. शेजारीण म्हणाली, चेहऱ्यावर तेज आलं. ते तेज नव्हतं, सूज होती. आवाज घोगरा झालेला, बद्धकोष्ठ, केस मूठमूठ गळत होते, आणि मे महिन्यात, इंदूरचा पारा चाळिशीपार असताना, बाई पंखा बंद करून शाल घेऊन बसायच्या. सुस्ती आणि उदासी आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, एवढ्या गोळ्या खाऊन दुसरं काय होणार. त्यात तथ्यही होतं, कारण सायक्लोसेरिन नावाचं एमडीआरचं औषध मन खरंच खचवू शकतं. त्यामुळेच तर थायरॉइड ओळखायला उशीर होतो: प्रत्येक लक्षणाला दुसरं एक कारण हाताशी तयार असतं. टीएसएच निघाला ३८. सुरुवातीला, औषधं चालू करण्यापूर्वी केलेला होता २.३. तो पहिला कागद त्यांनी जपून ठेवला होता म्हणून डॉक्टरांना दोन मिनिटांत कळलं की हे जुनं नाही, औषधानं झालेलं आहे.

अशा वेळी टीबीची औषधं आपल्या मनानं सोडायची नसतात, हे ठळक तारा छापून सांगायला हवं. थायरॉइडची गोळी जोडीला सुरू होते आणि कोर्स पुढे चालू राहतो. ताईंना महिनाभरात शाल लागेनाशी झाली. आणि ही जन्मभराची गोळी नव्हे! इथिओनामाइड, पास बंद झाल्यावर काही आठवड्यांत, काही महिन्यांत ग्रंथी पुन्हा आपलं काम करू लागते. टीएसएच बघत बघत डॉक्टर गोळी उतरवतात. ताईंची कोर्सनंतर चार महिन्यांनी सुटली. मला दुःख होतं ते अशा पेशंटांचं, ज्यांची गोळी कुणी सोडवलीच नाही. सात-सात वर्षं घेताहेत, का सुरू झाली हे घरात कुणाला आठवत नाही.

एमडीआरमध्ये टीएसएचकडे लक्ष ठेवायला आणखी एक कारण आहे. बेडाक्विलिन, क्लोफाझिमिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन या औषधांनी हृदयाच्या ठोक्यामागची विद्युत लय लांबू शकते, म्हणून वारंवार ईसीजी काढतात. मंदावलेला थायरॉइड ती लय आणखी लांबवायला हातभार लावतो. तेव्हा इथिओनामाइड किंवा पास असलेल्या कोर्सात टीएसएच आधी एकदा, आणि मग साधारण दर तीन महिन्यांनी, किंवा लक्षणं दिसली की लगेच. २०२४ मध्ये भारतानं बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असा सहा महिन्यांचा नवा कोर्स मंजूर केला. त्यात ही दोन्ही नाहीत, त्यामुळे ज्यांना तो कोर्स चालतो त्यांचा थायरॉइडपुरता ताप वाचला. सगळ्यांनाच तो चालत नाही. आपल्या पाकिटात कुठली नावं आहेत ते वाचून बघा, निदान फोटो काढून ठेवा.

एक गोष्ट क्वचित घडते, पण चुकली तर भारी पडते, म्हणून सांगते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन अधिवृक्क ग्रंथी असतात. टीबी कधी कधी त्या पोखरतो. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये या ग्रंथी निकामी झाल्याचं दुखणं पहिल्यांदा मांडलं, तेव्हा त्याच्या कारणांत टीबी अग्रभागी होता. उठताना चक्कर, बीपी खाली, उलट्या, मीठ खावंसं वाटणं, तळहाताच्या रेघा आणि हिरड्या काळवंडणं ही त्याची खूण. (क्लोफाझिमिननंही कातडी काळवंडते, त्यामुळे इथेही गोंधळ.) या दुखण्यात टीएसएच थोडा वाढलेला दिसतो. तो बघून कुणी नुसती थायरॉइडची गोळी सुरू केली तर शरीराची मागणी वाढते, आणि ती भागवणारं कॉर्टिसोल, म्हणजे या अधिवृक्क ग्रंथींचं हार्मोन, तर मुळात नाही. माणूस कोसळू शकतो. आधी कॉर्टिसोल भरून काढायचं, मग थायरॉइड. म्हणून "बहिणीची उरलेली गोळी आहे, तीच देऊन बघू" हा आपल्या घराघरातला उपाय इथे करू नका.

एचआयव्हीत थोडं निराळं. औषधं लागू पडून प्रतिकारशक्ती परत येते तेव्हा, बहुधा वर्ष-दोन वर्षांनी, ती थोड्यांच्या बाबतीत स्वतःच्याच थायरॉइडवर उलटते आणि ग्रंथी उधळते: वजन उतरतं, धडधड होते, घाम येतो. औषध नीट घेणारा माणूस पुन्हा बारीक होऊ लागला की घरचे हादरतात. तेव्हा टीएसएच बघून घ्यावा. सी प्रकारच्या काविळीत पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं थायरॉइड बिघडवायची. आता गोळ्यांनी ती बरी होते, इंजेक्शनं मागे पडली.

राहिली आमच्या खात्यातली गोष्ट. लांब आजारपणात केस गळतात, मग कुणीतरी केसांची गोळी आणून देतं. त्यात बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं. बऱ्याच मशीनांत तपासणीची रचनाच बायोटिनवर उभी असते, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त येऊ शकतो. कागदावर थायरॉइड उधळलेला, माणूस मात्र थंडगार. दोन दिवस आधी ती गोळी बंद ठेवा, डोस मोठा असेल तर किती दिवस ते विचारा. आणि रक्त देताना फॉर्मवर टीबीची औषधं लिहायला लाजू नका. आमच्याकडे लोक बीपी, शुगर मोठ्यानं सांगतात, टीबी मात्र कानात येऊन सांगतात, तेही सांगितलं तर. मनोरमाराजे टीबी हॉस्पिटलचा कागद घडी घालून पर्सच्या तळाशी असतो.

ज्यांना दोन्ही गोळ्या चालू आहेत त्यांचा रोजचा प्रश्न वेळेचा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा ते एक तास काही नाही, चहासुद्धा नाही. टीबीची गोळीही शक्यतो रिकाम्या पोटीच चांगली लागू पडते. मळमळत असेल तर डॉक्टर हलकं खाऊन घ्यायला सांगतात. ताकदीच्या म्हणून दिलेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र थायरॉइडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. त्या दुपारी किंवा रात्री. राजेंद्र नगरच्या ताईंनी उशाशी पाण्याचा तांब्या आणि गोळी ठेवून पाचला घ्यायची, पुन्हा झोपायचं, असं बसवलं होतं. साडेसहाला यजमान कोपऱ्यावरून पोहे घेऊन यायचे, वर शेव आणि जिरावन मसाला.